परतीची चाल

१२ जानेवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग कोण काय म्हणालं ते भावोजींना विचारावं लागतं. पत्रात निदान तुला माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

एप्रिलमध्ये तुमच्या ऑर्केस्ट्राचा पाहुणा कंडक्टर म्हणून मला बोलावलंय. तुमच्या मॅनेजरबाईंचं पत्र काल आलं. तुला आधीच माहीत असेल तर इतके दिवस पोटात कसं ठेवलंस ते सांग. मामाला कळवलं, तर त्याचा विनोद ठरलेला: "कंडक्टर म्हणजे तिकिटं फाडणार ना? मग बहिणीला अर्धं तिकीट दे."

काय वाजवायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी आपली ती सिंफनी मागून घेतली. जिच्या दुसऱ्या भागात सगळा ताफा आवाज खाली आणतो आणि ओबो एकटा पुढे होतो, ती. तुझा ओबो, मामाच्या भाषेत तुझी विलायती सनई. तू मागच्या खोलीत दार लावून ती लांब ओळ घोटायचीस आणि मी दाराला कान लावून बसायचो. तू दम धरलास की मीही धरायचो. एकदा मला घेरी आली आणि आईला वाटलं, पोरगा उपाशी राहिला.

आता माझ्या डोक्यात काय आहे ते सांगतो. तुमचे आधीचे कंडक्टर, थोरले साहेब, तो भाग संथ घ्यायचे. मला त्याहून संथ हवाय. इतका, की ऐकणाऱ्याला वाटावं आता पुढचा सूर येतच नाही. पहिला भाग एवढा आरडाओरडा करून संपतो, त्यानंतर कोणी तरी जागच्या जागी थिजून उभं आहे असं वाटलं पाहिजे. आणि तुझी ओळ मध्ये कुठेही न तुटता, एका दमात. असा दमसास माझ्या माहितीत एकाच माणसाकडे आहे, म्हणून तर मी लगेच हो म्हटलं.

भावोजींना नमस्कार. दात नियमित घासतो म्हणावं.

तुझा,
टिल्लू


२८ जानेवारी

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसानं अजून टिल्लू म्हणून सही करावी, हे मला आवडलं. तालमीत मात्र तुला "सर" म्हणावं लागेल. मी आत्तापासून सवय करतेय. पहिल्या दिवशी हसले तर रागावू नकोस.

बातमी कळली तेव्हा मी रीड तासत बसले होते. ओबोच्या तोंडाशी जी वेताची दुहेरी पत्ती असते ती आमची आम्हालाच तासून बनवावी लागते, हे तुला ठाऊक आहे. बातमीच्या नादात सुरी जास्त चालली आणि चांगली पत्ती फुकट गेली. तेव्हा माझं एक देणं लागतोस.

आता कामाचं. इतका संथ नको रे. मी हा भाग साहेबांच्या हाताखाली किती तरी वेळा वाजवलाय, म्हणून सांगते. ओबोकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण खाली माणसाएवढ्या मोठ्या बासच्या तारांवर वादक बोटांनी एकेक सूर छेडत असतात, तिकडे कोणी बघत नाही. फार संथ घेतलं की ते सूर एकमेकांपासून तुटतात. नळ गळतोय असं वाटतं. जरा पुढे, म्हणजे किंचित जलद, घेतलं तर तेच सूर पावलं होतात. रचनाकारानं वर काय लिहिलंय ते बघ: "सावकाश, पण थांबू नका." आपण सगळे पहिला शब्द वाचतो आणि उरलेले सोडून देतो.

विचार कर. माझा हट्ट नाही.

थंडीत थोडी खोकले, आता बरी आहे. तुझे भावोजी म्हणतात, नुसतं घासून भागत नाही, येशील तेव्हा दाखवून जा.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. बासची स्वरलिपी पुन्हा काढून बघितली. तू म्हणतेस ते खोटं नाही, पण माझं मत बदललेलं नाही.

लोकांना वाटतं कागदावर सूर लिहिलेले आहेत, वाजवणारे वाचतात, मग हा काठी घेऊन मध्ये कशाला उभा. कागदावर सूर असतात, पण त्यातला कुठला दुःखाचा आणि कुठला नुसता दमलेला, ते नसतं. एकाच ओळीवर एक जण रडवू शकतो आणि दुसरा झोपवू शकतो. मी एकही सूर स्वतः वाजवत नाही. माझ्या हातात फक्त तीन गोष्टी: किती वेळ, किती आवाज, आणि कोणाला पुढे करायचं. ह्या भागात मला वेळ थांबवायचाय. इथे कोणाचं तरी माणूस गेलंय, ताई. माणूस गेल्यावर कोणी पावलं टाकत नाही.

आणि एक सांगू का, राग मानू नकोस. मी सायकल शिकलो तेव्हा तू मागून धावत होतीस आणि "जोरात मार, पडशील" म्हणून ओरडत होतीस. मी अजूनही काही हातात घेतलं की मागून तोच आवाज येतो. तुझ्या मताची मला किंमत आहे. पण तू वाजवणारी आहेस, आणि उभा मी राहणार आहे.

टिल्लू


२५ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

राग मानला होता. पत्र टेबलावर ठेवून दिलं, भांडी घासली, मग गेला.

सायकलीचं तू बरोबर लिहिलंस. पण जोरात मारल्यामुळेच तू पडला नाहीस, हेही लिहायचं होतंस.

काल तालमीच्या मधल्या सुट्टीत मी मुद्दाम बासवाल्यांकडे गेले. त्यांच्यातला सगळ्यात जुना, जो कधी कोणाशी बोलत नाही, त्याला म्हटलं, दुसऱ्या भागाची सुरुवात वाजवून दाखवता का. त्यानं आधी साहेबांच्या लयीत वाजवलं. मग मी म्हटलं, तुम्हाला एकट्याला वाजवायचं असतं तर? त्यानं पुढे घेऊन वाजवलं. फार नाही, अगदी थोडं पुढे. मी डोळे मिटून उभी होते. मला काय दिसलं ते सांगते, हसू नकोस.

तू म्हणतोस इथे कोणाचं तरी माणूस गेलंय. गेलंय, कबूल. पण तो क्षण पहिल्या भागाच्या शेवटी होऊन गेला. तो आरडाओरडा म्हणजेच तो. दुसऱ्या भागात लोक पोचवून परत निघालेत. घरी जायचंय. पाय उचलायचे नाहीत, पण ते उचलले जातात. ओबो म्हणजे त्यातलं कोणी तरी एक, चालता चालता मनाशी बोलणारं. थांबलं तर त्याला बोलताच येणार नाही, चालतंय म्हणून बोलतंय.

मला वाटतं रचनाकाराला हेच म्हणायचं होतं. पटलं नाही तर राहू दे.

ताई


९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. यावर आता आणखी लिहिण्यात अर्थ नाही. लय संथ राहील. ओळ एका दमात. हे मी भाऊ म्हणून लिहीत नाहीये.

बाकी तालमीला भेटूच.

टिल्लू


२८ मार्च

प्रिय टिल्लू,

एक अडचण झालीय. माझी दाढ काढावी लागली. मुळं वाकडी होती, जखम मोठी आहे. ओबोसाठी दोन्ही ओठ दातांवरून आत घेऊन आवळावे लागतात, आणि ते मला निदान महिनाभर जमणार नाही. मॅनेजरबाईंना कळवलंय.

माझ्या शेजारची वाजवेल. माझ्या शेजारच्या खुर्चीत दुसरा ओबो वाजवते म्हणून तिला मी शेजारीणच म्हणते. वयानं लहान आहे, पण सूर सरळ आहे, आणि दमसास म्हणशील तर विहिरीसारखा. तुला हवी तितकी संथ लय घे. ती टिकवेल, मी तिच्याकडून घोटून घेतलंय.

तू आमच्याकडेच उतरला असतास तर बरं वाटलं असतं, पण हॉटेल हॉलला लागून आहे, तेच सोयीचं. एक दिवस जेवायला मात्र ये.

ताई


१६ एप्रिल, हॉटेलवरून

ताई,

तू इथून चालत येण्याच्या अंतरावर आहेस आणि मी पत्र लिहितोय. तोंडावर बोललो तर भांडण होईल आणि उद्या मला कार्यक्रम करायचाय.

परवा तुमच्याकडे जेवलो. सगळं छान होतं. तू मामाबद्दल बोललीस, नव्या पडद्यांबद्दल बोललीस, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मांजराबद्दल तर बराच वेळ बोललीस. सिंफनी हा शब्द कोणी काढला नाही. मग मी सहज विचारलं, "कुठली दाढ?" तू म्हणालीस, "उजवी." त्याच वेळी भावोजी म्हणाले, "डावी." मग ते म्हणाले, "म्हणजे, माझ्या बाजूनं डावी," आणि भरलेला पाण्याचा ग्लास पुन्हा भरायला आत गेले. ताई, ह्या माणसाचा जन्म लोकांच्या तोंडात बघण्यात गेलाय. त्याला बायकोच्या दाढेबद्दल खोटं बोलायला लावू नये. त्यानंतर तू सफरचंद खाल्लंस. दोन्ही बाजूंनी, करकर आवाज करत.

म्हणजे तुला वाजवायचंच नव्हतं. दुखण्यामुळे नाही, माझ्यामुळे. मी तुझं ऐकलं नाही म्हणून. किंवा धाकट्या भावाच्या छडीकडे बघून वाजवणं तुला कमीपणाचं वाटलं म्हणून. एकाही तालमीला तू हॉलमध्ये फिरकली नाहीस. पहिल्या दिवशी मी व्यासपीठावर चढलो आणि तुझ्या खुर्चीत दुसरीच मुलगी बघितली, तेव्हा मला नमस्कार करायचंसुद्धा सुचलं नाही.

तुझी शेजारीण चांगली वाजवते. तुझा आवाज नाही तिचा, पण चांगली वाजवते. सोबत उद्याची दोन तिकिटं आहेत, पूर्ण तिकिटं. यायचं तर या.

टिल्लू


२० एप्रिल

प्रिय टिल्लू,

आम्ही आलो होतो. तुला भेटायला मागे आले नाही, कारण मला लगेच बोलता आलं नसतं आणि तुझ्याभोवती माणसं होती. तुझं विमान सकाळचं होतं हेही माहीत होतं. आता नीट बसून लिहिते.

मी त्या हॉलमध्ये इतकी वर्षं वाजवलं, पण प्रेक्षकांत बसून ऐकण्याची वेळ फारशी आली नाही. आमच्या जागेवरून सगळं उलटं ऐकू येतं. पाठीत ट्रंपेट, कानाखाली क्लॅरिनेट, आणि व्हायोलिन म्हणजे समोर हलणाऱ्या पाठी. तेराव्या की चौदाव्या रांगेत बसून पहिल्यांदा कळलं, की आम्ही सगळे मिळून एकच आवाज असतो.

पहिला भाग संपला. तू हात खाली केलेस पण मोकळे सोडले नाहीस. लोकांना खोकायचं होतं, तू खोकू दिलं नाहीस. तालमींचं काही सांगू नका, असं मी सगळ्यांना बजावलं होतं, म्हणून मनात म्हटलं, आता हा सगळं थांबवणार. शेजारणीसाठी मी स्वतःच दम धरला. तुझे भावोजी माझ्याकडे बघत होते.

आणि बास निघाले. निघालेच, दुसरा शब्द नाही. मी लिहिलं होतं तसे. थोडे पुढे, अगदी थोडे. मला आधी वाटलं घाई झाली, कोणी तरी चुकलं, तू आता आवरशील. पण तुझा हात बघितला, तर तो खांद्यापासून हलतच नव्हता. नुसतं मनगट, कोणाचा तरी हात धरून चालवावं तसं. चेलो तू इतके खाली ठेवलेस की ते वाजतायत हे ते थांबल्यावर कळलं. आणि त्यावरून शेजारीण आली. ती बोलत होती, टिल्लू. चालता चालता बोलत होती. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस सुरुवातीपासून कार्यक्रमपत्रिकेची सुरळी करत होता, त्याचा हात तसाच राहिला. ओळ संपून व्हायोलिननी ती उचलली, तेव्हा मला वाटलं, घर दिसायला लागलं.

माझी बोटं मांडीवर चालत होती. प्रत्येक सुराची जागा मला माहीत आहे. शेजारीण मधल्या चढावर जराशी पुढे गेली, मी गेले नसते. पण तिनं ओळ पुरी केली.

आता दुसरं. दाढ उजवीही नव्हती आणि डावीही नव्हती. तुझ्या भावोजींना धड खोटंही बोलता आलं नाही, तेवढे ते प्रामाणिक.

गेल्या थंडीत मी तुला "थोडी खोकले" असं लिहिलं. तो न्यूमोनिया होता. बरा झाला, पण उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कडक होऊन बसलाय आणि डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. जिना चढते, बाजार करते, भांडायलाही दम पुरतो. फक्त ती ओळ येत नाही. ओबोचं तुला माहीतच आहे, त्यात हवा कमी पडत नाही, उरते. पत्तीच्या बारीक फटीतून जेमतेम जाते, बाकीची छातीत शिळी होत राहते, आणि ती बाहेर टाकायला वेळ मिळाला नाही तर भरल्या छातीनं गुदमरायला होतं. पूर्वी मी त्या ओळीच्या शेवटापर्यंत आरामात जायचे. आता मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येते. हे घरात आणि शेजारणीला, एवढ्यांनाच माहीत आहे.

तुझं पहिलं पत्र आलं, त्यात "एका दमात" होतं. लय थोडी पुढे असती तर कदाचित निभावलं असतं. म्हणून मी कारणं शोधायला लागले. बास, पावलं, परत निघालेले लोक, सगळं मी वकिलासारखं गोळा केलं. त्या जुन्या बासवाल्याला त्रास दिला तोही त्याचसाठी. ते खरं आहे की नाही याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, तू हलायला हवा होतास. तू हलला नाहीस, तेव्हा म्हटलं, त्याच्या मनातलं तरी त्याला नीट मिळू दे, आणि त्या खुर्चीतून उठले.

आणि मग हॉलमध्ये बसून ऐकलं, तर ते सगळं खरं होतं.

तू लय का बदललीस, ते मला सांग. शेजारणीनं काही सांगितलं का तुला? तसं असेल तर तेही स्पष्ट लिही.

ताई


१ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र पहिल्यांदा उभ्यानंच वाचलं, नंतर बसून. त्यानंतर तुझा राग आला, आणि अजून पुरता गेलेला नाही, तो आधी लिहून टाकतो. तू मला निवडायला दिलं नाहीस. "ताईला दम पुरत नाही, आता काय करशील?" हा प्रश्न माझा होता. तो तू परस्पर सोडवलास आणि वर दाढ काढलीस. मी चुकीचं उत्तर दिलं असतं, शक्य आहे. पण ते मला देऊ द्यायचं होतंस.

शेजारणीनं मला काहीही सांगितलं नाही. पहिल्या तालमीनंतर मी तिला विचारलं, "बाईंची दाढ कशी आहे?" ती म्हणाली, "दुखते," आणि लाल होऊन ओबो पुसायला लागली. मला वाटलं, तूच तिला माझ्याविरुद्ध पढवून ठेवलंयस.

लय का बदलली ते ऐक. तुला ते शेवटचं तुटक पत्र टाकलं, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या हॉलचे दिवेवाले गेले. वर छताखालच्या खोलीत बसून दिवे सांभाळणारा माणूस. माझी त्यांची फार ओळख नव्हती. मी व्यासपीठावर आलो की ते दिवा थोडा उशिरा वाढवायचे, म्हणजे लोकांच्या टाळ्या आधी आणि उजेड नंतर. ते मुद्दाम करतात हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. तर आम्ही बरेच जण त्यांना पोचवायला गेलो होतो. तिथे सगळे उभे होते, कोणी हलत नव्हतं, अगदी मला दुसऱ्या भागात हवं होतं तसं. मी मनात म्हटलंसुद्धा, बघ ताई, माणसं थिजतात.

मग परत निघालो. गाड्या लांब लावल्या होत्या, चालायला लागलो. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. मग आमच्या हॉलचा पडदेवाला म्हणाला, "त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असायची." कोणी म्हणालं, "घरी असेल, मागून घेऊ." कोणाचा तरी बूट करकरत होता. कोणी संथ चालत नव्हतं आणि घाईतही नव्हतं. पायांनी आपली आपण एक चाल धरली होती, सगळ्यांच्या पायांनी एकच. माझा हात कोटाच्या खिशात होता आणि तो मांडीवर ठोके द्यायला लागला. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बास वाजवतोय.

घरी येऊन तुझं पत्र काढलं. "थांबलं तर त्याला बोलताच येणार नाही." पडदेवाला चालत होता म्हणून किल्लीबद्दल बोलला. उभा असताना बोलला नव्हता.

त्याच दिवशी तुला लिहायला बसलो होतो. मग म्हटलं, नको, पहिल्या तालमीला बास सुरू होतील तेव्हा ताईचं तोंड बघायचं. एवढं एकच मला त्या अख्ख्या कार्यक्रमातून हवं होतं. नंतर तुझं दाढेचं पत्र आलं, आणि मग मीही तोंड मिटलं.

तेव्हा दया वगैरे डोक्यातून काढून टाक. मला तुझ्या फुफ्फुसाचं काडीइतकं माहीत नव्हतं. माझ्यापुढे फक्त तुझं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं.

आता विचारतो. सप्टेंबरमध्ये हीच सिंफनी मी इथे, माझ्या ऑर्केस्ट्राबरोबर करतोय. आमच्या हॉलला मोठी बाल्कनी आहे आणि तिच्याखाली आवाज अडकतो. छडी धरणाऱ्याला सगळ्यात वाईट ऐकू येतं. व्हायोलिन माझ्या नाकाखाली, बास पार कोपऱ्यात. तालमीत खाली बसून ऐकणारं आणि न घाबरता सांगणारं माणूस लागतं. मला घाबरत नाही असं एकच माणूस आहे. येशील का?

टिल्लू


१९ मे

प्रिय टिल्लू,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा शेवटचा परिच्छेद वाचून मी ते मिटून ठेवलं. म्हटलं, बहीण रिकामी बसली म्हणून काम काढलंय. तुझे भावोजी म्हणाले, "ते दिवेवाल्यांचं पुन्हा वाच." वाचलं. मग पटलं, तुला खरंच माझे कान हवेत.

तुला निवडायला दिलं नाही, हे खरं. तू लहान होतास तेव्हापासून तुझ्या वतीनं ठरवायची मला सवय आहे आणि तू मोठा झालास हे मला कोणी कळवलं नाही.

एक गोष्ट करून बघितली. रविवारी दुपारी मागच्या खोलीत ओबो काढला. भावोजींना टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, बोटांनी ठोके द्या, चालत घरी निघालोय असे. त्यांना संगीतातलं काही कळत नाही, पण ते दवाखान्यातून रोज चालत येतात, चाल बरोबर धरली. तुझीच लय. मी सुरुवात केली. चढ गेला, उतार गेला, मला वाटलं जमतंय. शेवटच्या वळणावर छाती भरून आली आणि सूर तुटला. थोडक्यासाठी. भावोजी तसेच ठोके देत राहिले, त्यांना कळलंच नाही की मी थांबलेय. मग त्यांनी वर बघितलं आणि हात उचलून घेतला. मी ओबो पुसून पेटीत ठेवला.

म्हणजे तू माझ्यासाठी लय वाढवली असतीस तरी पुरलं नसतं. मला अजून वाढवून मागावं लागलं असतं, मग अजून, आणि शेवटी ते लोक घरी पळत गेले असते. हे समजलं ते बरं झालं. वाईट वाटलं, पण बरं झालं.

काल मॅनेजरबाईंना सगळं खरं सांगून आले. पहिली खुर्ची शेजारणीला द्या म्हटलं, मी दुसरीत बसते. दुसऱ्या ओबोला लांब ओळी नसतात, खालचे सूर असतात, आणि तेवढ्याला माझा दम पुरतो. शेजारीण रडली. मी तिला म्हटलं, रडून घे, पण मधल्या चढावर पुढे पळतेस तेवढं थांबव.

सप्टेंबरमध्ये येते. भावोजीही येतील, तुझे दात बघायला. तू म्हणशील तिथे बसेन, बाल्कनीखाली, बाल्कनीवर, आणि जे ऐकू येईल ते सांगेन.

सुरुवात आत्ताच करते. त्या दिवशी सांगायचं राहिलं. तिसऱ्या भागाच्या तोंडाशी तू हात फार मोठा उचलतोस. तुला हलका आवाज हवाय हे मला तुझ्या पाठीवरून दिसत होतं, पण वाजवणारे पाठ बघत नाहीत, हात बघतात, आणि हात मोठा दिसला की मोठ्यांदा वाजवतात. हात लहान ठेव, छातीपाशी. आवाज आपोआप खाली येईल आणि सगळे तुझ्याकडे वाकून बघायला लागतील.

आणि हे मी माझ्या सोयीसाठी सांगतेय असं समजू नकोस. तिथे ओबोला वाजवायला काहीच नाही.

तुझी,
ताई